होडीला इंजिन लावू का? आधी बर्फाचा हिशोब करा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका होडीचा हिशोब मांडला. व्हिडिओत आकडे भराभर जातात, थांबवून लिहून घ्यायला वेळ मिळत नाही, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून तोच धडा इथे सावकाश, आकड्यांसकट लिहितोय. तुमचा धंदा मासेमारीचा नसला तरी वाचा. इंजिनाच्या जागी टेम्पो, फ्रीज, पिठाची गिरणी, काहीही ठेवा, हिशोब तोच राहतो.

झालं असं. आमचं गाव पासली. वेल्ह्यातलं, म्हणजे आता राजगड तालुक्यातलं. वेल्ह्याहून केळदला, मढे घाटाकडे जाताना लागतं. आमच्या कानंद खोऱ्याच्या खालच्या अंगाला गुंजवणी धरणाचं पाणी आहे, एका डोंगरापलीकडे पानशेत आणि दुसऱ्या डोंगरापलीकडे भाटघर. म्हणजे तिन्ही बाजूंना पाणी, पण आम्ही लहानपणापासून धंदा म्हटलं की भात नाहीतर पुण्यातली नोकरी एवढंच बघत आलो. माझं हार्डवेअर आणि शेती साहित्याचं दुकान. दोर, प्लास्टिकचे क्रेट, ताडपत्री विकतो, त्यामुळे जाळी टाकणारी मंडळी दुकानात येतात.

त्यांच्यातलाच एक माझा मावसभाऊ. धरणावरच्या मच्छीमार संस्थेचा सभासद आहे, स्वतःची फायबरची होडी आहे, वल्ह्यानं चालवतो. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो दुकानात आला आणि काउंटरवर एक कोटेशन ठेवलं. होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचं.

"दादा, इंजिन लावलं की लांबच्या खाडीत जाळं टाकता येतंय. दीडपट मासा निघंल. तू फक्त जामीन राहा."

मी विचारलं, "आणि तारण काय देणार?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हिचं गंठण आहे ना."

तेव्हा मी शटर अर्धं खाली ओढलं, दोन चहा सांगितले आणि एक कोरी वही काढली. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

आधी माझी चूक सांगतो

बीबीए झाल्या झाल्या मी दुकान टाकलं आणि सहा महिन्यांत हप्त्यावर टेम्पो घेतला. हिशोब काय केला होता? "टेम्पो असला की माल घरपोच देऊ, विक्री वाढेल." विक्री खरंच वाढली. पण टेम्पो आठवड्यातले चार दिवस दुकानासमोर उभा असायचा आणि हप्ता मात्र सातही दिवस चालू. चौदा महिन्यांनी तोट्यात विकला. कॉलेजात 'ब्रेक-इव्हन' या विषयावर मला चांगले मार्क पडले होते. वहीत मांडायला मात्र तेव्हा सुचलं नाही. म्हणून भावाला उपदेश न करता नुसती वही पुढे केली.

पहिला प्रश्न: पाणी कोणाचं आणि मासा कोणाचा?

धंद्याचा पहिला नियम: माल कुठून येतो ते माहीत पाहिजे. धरणातला मासा मोकळा दिसतो, पण तो कोणाचाही नसतो असं नाही. धरण जलसंपदा विभागाचं असतं आणि मासेमारीचा हक्क सहसा मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्यानं दिला जातो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. तुम्ही सभासद नसाल किंवा संस्थेची परवानगी नसेल, तर कितीही चांगलं इंजिन घ्या, तुमच्या धंद्याला पायाच नाही.

दुसरी गोष्ट, रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साठलेल्या पाण्यात त्यांची वाढ चांगली होते, पण पैदाशीचा भरवसा नसतो. म्हणून संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडते. याचा अर्थ काय? धरण हे तुमचं गोदाम आहे. त्यात जेवढा माल भरला आणि वाढू दिला, तेवढाच निघणार. इंजिन लावल्यानं गोदामातला माल वाढत नाही, तुम्ही गोदामात लवकर पोचता एवढंच. सगळ्यांनीच इंजिनं लावली आणि बारीक आसाची जाळी टाकली, तर दोन वर्षांत गोदाम रिकामं. (आस म्हणजे जाळ्याचं भोक.) पाव किलोचा कटला आज विकायचा की तोच वाढवून किलो-दीड किलोचा विकायचा, हा निर्णय इंजिनापेक्षा मोठा आहे. आणि तो एकट्यानं घेता येत नाही, संस्थेच्या बैठकीत घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न: इंजिन नक्की काय काम करतं?

आमच्याकडे बहुतेक जण संध्याकाळी जाळं लावतात आणि पहाटे काढतात. मासा जाळ्यात अडकतो आणि बऱ्याचदा तिथेच मरतो. मेल्या क्षणापासून त्याचं घड्याळ सुरू होतं. थंडीत हे घड्याळ जरा हळू चालतं, एप्रिल-मेमध्ये पळत सुटतं. पोट मऊ पडतं, कल्ल्याचा लाल रंग फिका होतो, डोळे आत जातात. व्यापारी आधी कल्ला उचलून बघतो आणि मग भाव बोलतो.

म्हणजे इंजिन दोन कामं करतं. एक, लांबच्या पाण्यात जाळं टाकू देतं. दोन, जाळ्यापासून काठापर्यंतचा वेळ वाचवतं. माझा भाऊ फक्त पहिलं काम मोजत होता. मी त्याला विचारलं, "काठावर लवकर आलास, मग पुढे काय?" तर म्हणाला, "मग व्यापाऱ्याच्या गाडीची वाट बघायची." किती वेळ? "तास, कधी दोन तास." उन्हात, ओल्या पोत्याखाली. पेट्रोल जाळून वाचवलेला वेळ काठावर वाया जाणार होता.

आता वही उघडा

हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या धरणाचे, तुमच्या भावाचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा.

समजा इंजिन १,२०,००० रुपयांचं. तीन वर्षांचं कर्ज, १२ टक्के व्याज. हप्ता महिन्याला साधारण ४,००० रुपये, वर्षाचे ४८,०००.

आता नीट लक्ष द्या. आमच्या भागातला पाऊस, पैदाशीचे दिवस आणि पाणी अगदी तळाला गेल्याचे दिवस वजा केले, तर धंद्याचे महिने आठ धरू. हप्त्याला मात्र पावसाळा नसतो. ४८,००० भागिले ८, म्हणजे चालू महिन्यावर हप्त्याचा खरा बोजा ६,००० रुपये. इथेच बहुतेक जण चुकतात.

पेट्रोल रोज ३ लिटर, लिटरला १०५ धरले तर ३१५, तेल धरून ३३०. महिन्याला २० फेऱ्या, म्हणजे ६,६००. दुरुस्तीसाठी बाजूला १,०००.

एकूण: ६,००० + ६,६०० + १,००० = १३,६०० रुपये महिना.

आता मासा. व्यापारी किलोला १२० देतो असं धरू. वाहतूक, क्रेट, संस्थेचं देणं असे ३० गेले. हातात ९० रुपये. तर १३,६०० भागिले ९० म्हणजे जवळजवळ १५१ किलो. २० फेऱ्यांत वाटले तर रोज साडेसात किलो मासा जास्तीचा निघाला पाहिजे. तेव्हा कुठे इंजिन स्वतःचं पोट भरेल. तुमच्या हातात त्यातला एक रुपया येत नाही.

'जास्तीचा' या शब्दाखाली रेघ मारा. भाऊ सांगत होता, "रोज पंधरा किलो निघंल." मी विचारलं, "आता वल्ह्यावर किती निघतो?" म्हणाला, "अकरा." मग इंजिनाची कमाई पंधरा किलो नाही, चार किलो. अकरा किलो तर आजही येतोच, पेट्रोलशिवाय.

चार किलो × २० फेऱ्या × ९० = ७,२०० रुपये. खर्च १३,६००. महिन्याला ६,४०० रुपये खड्ड्यात. आणि गंठण तारण.

भावानं वही दोनदा वाचली. मग म्हणाला, "पण दादा, ताजा मासा आणला तर भाव बी वाढंल की." बरोबर. हाच खरा मुद्दा होता.

बर्फाचं पान

मी पान उलटलं. समजा मासा ताजा दिला म्हणून किलोला १२० ऐवजी १४० मिळाले. पण काठावर दोन तास उन्हात थांबायचं असेल तर ताजेपणा बर्फाशिवाय टिकत नाही. बर्फाला रोजचे ६० रुपये, महिन्याला १,२०० धरा.

इंजिन + बर्फ: जास्तीच्या माशाचे ७,२००, आणि ३०० किलोवर २० रुपये वाढीव भावाचे ६,०००. मिळून १३,२००. खर्च १३,६०० + १,२०० = १४,८००. अजूनही १,६०० रुपये तोटा.

फक्त बर्फ, वल्ह्याची होडी: महिन्याचा २२० किलो मासा × २० रुपये = ४,४००. बर्फाचे १,२०० वजा. ३,२०० रुपये फायदा. कर्ज नाही, तारण नाही.

हे पान बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला. "म्हणजे मी बर्फाच्या लादीसाठी गंठण ठेवणार होतो व्हय?"

बर्फ कसा वापरायचा हेही शिकून घ्या, नाहीतर तोही वाया जातो. बर्फ बारीक फोडायचा. मोठी ढेप माशाला दाबते आणि सगळीकडून लागत नाही. पेटीत खाली बर्फाचा थर, वर मासा, वर पुन्हा बर्फ, असं भरत जायचं. उन्हाळ्यात जेवढा मासा तेवढा बर्फ हे साधं प्रमाण लक्षात ठेवा. वितळलेलं पाणी खालून निघून जायला भोक पाहिजे, मासा त्या पाण्यात भिजत ठेवायचा नाही. मासा उन्हात तापवून मग बर्फात घालण्यात अर्थ नाही, पेटी होडीतच पाहिजे, काठावर नाही.

आणि भाव वाढेल का, हे कशावरून? पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात आंध्रातून रोहू, कटला मोठ्या प्रमाणावर येतो. वजनात तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. पण तो मासा लांबून बर्फात येतो, तुमचा आज पहाटेचा आहे. शनिवार-रविवारी तोरणा, राजगड, मढे घाटाला येणारी गर्दी, रस्त्यावरची खानावळ, फार्महाउसवाले, हे तुमचे गिऱ्हाईक आहेत. त्यांना 'पहाटेचा मासा' विका. मोठ्या पाण्यावरचं उदाहरण बघायचं असेल तर उजनी बघा. तिथे भिगवण-इंदापूरच्या बाजारात माल एकत्र येतो, म्हणून व्यापारी स्वतः येतात. आपल्या छोट्या धरणांवर तेवढा माल नाही, म्हणून चार-पाच होड्यांनी मिळून एकच पेटी आणि एकच गाडी ठरवली तरी बोलणी करायला बळ येतं.

मग इंजिन कधीच नको का?

असं मी म्हणत नाही. चार होड्यांमध्ये एक इंजिन, हा हिशोब करून बघा. एक इंजिनाची होडी बाकी तिघांना दोरानं ओढत लांबच्या पाण्यात नेते, पहाटे सगळ्यांचा मासा बर्फाच्या पेटीत घेऊन आधी काठावर येते. ओढण्यामुळे पेट्रोल ४ लिटर लागेल, तेलासकट ४४० रुपये. महिन्याचे ८,८००. हप्ता ६,०००, दुरुस्ती १,०००. एकूण १५,८००. चौघांत प्रत्येकी ३,९५०.

प्रत्येकाला लांबच्या पाण्यामुळे रोज फक्त २ किलो जास्त मिळाला असं धरू. आता भाव १४० आहे, म्हणजे हातात ११०. २ × २० × ११० = ४,४००. त्यातून ३,९५० गेले, ४५० राहिले. बर्फाचे ३,२०० आहेतच. प्रत्येकी ३,६५०. फार मोठा आकडा नाही, पण अधिक चिन्हाचा आहे, आणि एकाच्या घरातलं सोनं अडकत नाही. भागीदारी करणार असाल तर कोण चालवणार, पेट्रोल कोण भरणार, बिघडलं तर कोणाच्या खिशातून, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा. भाऊबंदकी पेट्रोलच्या बिलावरूनही होते.

कर्जाबद्दल दोन शब्द. मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णयही घेतला. पण कार्डाचं कर्ज हे खेळतं भांडवल: बर्फ, पेट्रोल, जाळ्याची दुरुस्ती यासाठी. त्यातून इंजिन घ्याल तर बर्फाला पैसे उरणार नाहीत. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं आहे. तुमच्या वस्तूला, तुमच्या जिल्ह्यात, या वर्षी लागू आहे का ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. आणि अनुदान हातात येईपर्यंत वहीत ते शून्य धरा.

शेवटचं पान: जीव

हे पान हिशोबात बसत नाही, म्हणून लोक ते लिहीतच नाहीत. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा कसा उठतो हे आपल्याला नवीन नाही, पण पाण्यावर असताना तो किती लवकर पोचतो याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही.

म्हणून हे खर्चात धरा, उरले तर घेऊ म्हणू नका:

- होडीत माणसं तेवढी लाइफ जॅकेट, आणि ती अंगात. फळीखाली ठेवलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही.
- इंजिन असलं तरी वल्हं होडीत पाहिजेच. इंजिन बंद पडतं ते नेहमी मधोमध.
- इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला तर इंजिन आपोआप थांबतं.
- जाळं काढताना इंजिन बंद, पंखा पाण्याबाहेर. पंख्यात जाळं गुंतलं तर जाळंही जातं आणि तोलही.
- उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती, झाडांचे बुंधे वर येतात. भाटघरच्या पाण्यातलं कांबरेश्वराचं मंदिर उन्हाळ्यात दिसायला लागतं हे तुम्हाला माहीत असेल. मंदिर दिसतं म्हणून ठीक, हातभर पाण्याखालचा बांध दिसत नाही. तिथे पंखा तुटतो. रात्री जोरात चालवायची नाही.
- वाऱ्याचं लक्षण दिसलं तर जाळं सोडून काठ गाठायचा. जाळं दुकानात मिळतं.

शिवाय होडीला इंजिन लावलं की परवानगीचा प्रश्न येतो. यांत्रिक होड्यांसाठी केंद्राचा २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर तर तेल-पेट्रोलची काळजी वेगळीच. तुमच्या पाण्यावर इंजिन चालतं का, नोंदणी कुठे करायची, हे इंजिन घेण्याआधी लेखी विचारा. घेतल्यावर विचारलं तर उत्तर महागात पडतं.

तुमचा गृहपाठ

एक साधी वही घ्या. पंधरा दिवस रोज पाच गोष्टी लिहा: जाळं काढल्याची वेळ, विकल्याची वेळ, किती किलो, काय भाव, रोजचा खर्च. धंदा दुसरा असेल तर मासा खोडून तुमचा माल लिहा. पंधराव्या दिवशी तीन प्रश्न विचारा:

१. नवीन यंत्र आल्यावर जास्तीचं किती मिळेल? एकूण नाही, जास्तीचं.
२. हप्ता बारा महिने, धंदा किती महिने?
३. याच अडचणीवर बर्फाएवढा स्वस्त उपाय आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असेल, तर आधी तो करा. त्यातून आलेल्या पैशानं यंत्र घ्या.

माझ्या भावानं त्या आठवड्यात दुकानातून एक जुनी थर्माकोलची पेटी आणि दोन क्रेट नेले. उधारीवर, आणि हो, महिन्याभरात फेडले. त्याची वही आता तिसरी चालू आहे. संस्थेतल्या अजून तिघांशी इंजिनाबद्दल बोलणी चालली आहेत, जमलं तर दिवाळीनंतर. परवा वहिनी दुकानात आल्या होत्या, जाळ्याचा दोर न्यायला. गंठण गळ्यात होतं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही. दोर मात्र मोजून पाच मीटर जास्त दिला.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर वही भरत राहा.